पीडितांवरच शिकायचं, हे आता थांबवा: विद्यापीठांना एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
तसंच विधी, समाजकार्य आणि मानसशास्त्र अभ्यास मंडळांचे सर्व सदस्य

विषय: पीडितशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करण्याबाबत

सादर नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या गावी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, खटल्यांत सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. बालकल्याण समिती माझी नेमणूक करते आणि त्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत मी त्या लेकराच्या सोबत असते. पोलीस ठाण्यात, सरकारी दवाखान्यात, दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो तिथे, आणि मग तारखांना. या कामात मला नऊ वर्षं झाली. त्याआधी मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलं. त्या दोन वर्षांत मला गुन्हेगारीची कारणं शिकवली, तुरुंगसुधारणा शिकवली, प्रोबेशन शिकवलं. शिक्षक चांगले होते, मनापासून शिकवत होते. पण ज्याच्यावर गुन्हा घडतो त्या माणसाबद्दल, म्हणजेच पीडितशास्त्राचा, एखादा तास झाल्याचं मला आठवत नाही.

त्याचा परिणाम काय होतो, ते आधी सांगते.

कामाचं माझं पहिलंच वर्ष होतं. नऊ वर्षांची मुलगी, दुसऱ्या दिवशी तिची साक्ष. संध्याकाळी तिच्या घरी गेले तर तिनं हळूच विचारलं, "ताई, तो असंल का तिथं?" मी म्हटलं, "नाही बाळा, पडदा लावतात. तुला तो दिसणारसुद्धा नाही." मी खोटं बोलत नव्हते. साक्ष देताना मुलाची आणि आरोपीची नजरानजर होऊ नये, असं पोक्सो कायदाच सांगतो, आणि त्या कोर्टहॉलमध्ये पडदा होताही. मी विसरले होते तो बाहेरचा व्हरांडा. जिना एकच, बाक एकच. सकाळी साडेदहाला आम्ही वर चढलो तेव्हा तो त्याच बाकावर नातेवाइकांसोबत बसला होता. मुलीनं माझी ओढणी घट्ट धरली, आणि थोड्या वेळानं सोडून दिली. ते सोडून देणं मला अजून आठवतं. त्या दिवशी ती न्यायाधीशांसमोर एक शब्द बोलली नाही. न्यायाधीश भल्या होत्या, त्यांनी पुढची तारीख दिली. पण त्यानंतर तिनं मला कधीच काही विचारलं नाही.

आधल्या दिवशी कोर्टात जाऊन मी जागा पाहायला हवी होती. शिरस्तेदारांना विनंती करून तिला दुसऱ्या खोलीत बसवायला हवं होतं. आणि सगळ्यात आधी, जे माझ्या हातात नाही त्याचा शब्द द्यायला नको होता. या कामातला हा पहिला धडा आहे. तो मी वर्गात शिकले नाही, त्या मुलीवर शिकले. माझ्या ओळखीच्या प्रत्येक सपोर्ट पर्सनकडे, समुपदेशकाकडे, महिला पोलिसाकडे अशी एक तरी आठवण आहे. आम्ही सगळे पीडितांवरच शिकलो. डॉक्टरांना आपण रुग्णावर हात ठेवण्याआधी काही वर्षं शिकवतो. आम्हाला मात्र थेट जखमेपाशी पाठवलं जातं.

कायदा आता बराच पुढे आला आहे. 1979 साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एका निकालात खंत व्यक्त केली होती, की गुन्ह्याचा पीडित आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांच्याकडे कायद्याचं लक्षच जात नाही, ही आपल्या न्यायशास्त्राची उणीव आहे. त्यानंतर जवळपास 30 वर्षांनी, 2008 च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या आली, भरपाई योजनेचं कलम आलं, पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला. महाराष्ट्रात 2013 मध्ये अत्याचारपीडित महिला आणि मुलांना मदत देणारी मनोधैर्य योजना सुरू झाली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं एक अख्खं प्रकरण घातलं गेलं, ते 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये सगळ्या उच्च न्यायालयांना सांगितलं, की लहान मुलं आणि दडपणाखालच्या साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभी करा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

कागदावर हे सगळं आहे. पण भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, हे त्या आईला कोण सांगणार? 90 दिवस झाले, आता विचारायला जा, असं कोण म्हणणार? पोक्सोच्या 2020 च्या नियमांनी सपोर्ट पर्सनचं मानधन ठरवताना कुशल कामगाराच्या किमान वेतनाचं माप लावलं आहे. म्हणजे नियमांच्या लेखी मी कुशल आहे. हे कौशल्य राज्यातल्या कुठल्या महाविद्यालयात मिळतं, ते मला आपण सांगा.

आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की हा विषय अभ्यासक्रमात आहे की. आहे, मला माहीत आहे. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांतल्या ऐच्छिक विषयांच्या यादीत 'दंडशास्त्र आणि पीडितशास्त्र' असा जोडविषय आहे. जोडविषयातला दुसरा शब्द शेवटच्या आठवड्यात उरकला जातो, हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका तरुण वकील मैत्रिणीला मी विचारलं, तुम्हाला यात काय शिकवलं? तिनं मेंडेलसोनचं नाव सांगितलं, पीडितांचे प्रकार सांगितले. बास.

त्या प्रकारांबद्दल थोडं बोलायलाच हवं. बेंजामिन मेंडेलसोन या रुमानियन वकिलानं 1947 च्या सुमारास या शास्त्राला नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी हान्स फॉन हेंटिग यांनी गुन्हेगार आणि त्याचा बळी यांच्यातल्या नात्यावर ग्रंथ लिहिला. दोघांच्याही मांडणीत एक प्रश्न सारखा डोकावतो: जे घडलं त्यात पीडिताचा वाटा किती? मेंडेलसोननं तर पूर्ण निर्दोष पीडितापासून सर्वाधिक दोषी पीडितापर्यंत उतरंडच लावली. पुढे 1971 मध्ये मेनाखेम आमिर यांनी फिलाडेल्फियातल्या बलात्कारांच्या पोलीस नोंदी अभ्यासून हीच मांडणी बलात्काराला लावली. स्त्रीवादी अभ्यासकांनी तिच्यावर कडाडून टीका केली आणि त्या टीकेतून हे शास्त्र बदलत गेलं. हा वाद, ही चूक, ही दुरुस्ती, हे सगळं विद्यार्थ्याला कळायला हवं. नुसते प्रकार पाठ केले तर तो पदवी घेऊन बाहेर पडेल आणि तेच विचारेल जे आमच्या गल्लीत विचारतात: रात्री अकरा वाजता ती तिथं काय करत होती?

आपली भाषाही यात निर्दोष नाही. बातमीत आपण लिहितो, 'अत्याचाराला बळी पडली'. कर्ती तीच, क्रियापद तिचंच. करणारा वाक्यात कुठे नसतोच. 'व्हिक्टिम' या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ यज्ञात द्यायचा पशू असा आहे, म्हणजे आपला 'बळी'च. दुसरीकडे याच मातीत 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' असं म्हणणाऱ्या आया आहेत. तो बळी वेगळा, पण त्यालाही पाताळात ढकललेलंच आहे. आमच्या कामात आम्ही 'पीडित' म्हणतो कारण कायद्यात तो शब्द आहे. काही जणींना तो नको असतो. एका मुलीनं मला सांगितलं, "मला पीडिता म्हणू नका, कागदावर लिहायचं तर लिहा." कुणाला काय म्हणायचं हे आधी विचारून घ्यावं, एवढं साधं शिकायलाही मला दोन वर्षं लागली.

आणि पीडित म्हणजे फक्त लैंगिक अत्याचार सोसलेली स्त्री किंवा मूल नव्हे. खैरलांजीत 2006 साली ज्याची बायको-मुलं मारली गेली तो माणूस 2017 मध्ये गेला, तेव्हाही त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून होतं. मुंबईच्या लोकलमधल्या 11 जुलै 2006 च्या स्फोटांचा खटला घ्या. 2025 मध्ये उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तो निकाल बरोबर की चूक हा माझा विषय नाही. एकोणीस वर्षं वाट पाहिलेल्या घरांत त्या संध्याकाळी कोण जाऊन बसलं, हा माझा विषय आहे. आमच्या भागात पारधी समाजाच्या बाईला मारहाण झाली तर ठाण्यात तिच्याकडेच आधी संशयानं पाहिलं जातं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला, नजरेतून नाही. आणि फोनवरच्या 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकानं आयुष्यभराची पुंजी गमावलेले निवृत्त मास्तर, जे लाजेपायी मुलालाही सांगत नाहीत, तेही पीडितच आहेत. त्यांच्याशी काय बोलावं हे मला आजही नीट येत नाही.

जगात हा विषय शिकवला जातो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या राज्य विद्यापीठात तो पदवीला आहे, नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात पदव्युत्तर स्तरावर. आपल्याकडे मद्रास विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र विभागानं तो जोपासला, आणि भारतीय पीडितशास्त्र संस्था 1992 मध्ये तिथल्याच पुढाकारानं उभी राहिली. पण मला इतक्या दूर जायची गरज वाटत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत 1984 मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस आयुक्तालयाच्या आवारात समाजकार्य शिकलेली बाई बसते, ही कल्पना तेव्हा नवी होती. ती इथली आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं, हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं 'दिलासा' केंद्र मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं मिळून या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं. तेही इथलंच. म्हणजे काम कसं करायचं याचं ज्ञान महाराष्ट्रात चाळीस वर्षं साठतं आहे. ते विद्यापीठाच्या दारात येऊन थांबलं आहे.

अभ्यासक्रम बदलला की काय घडतं, याचा दाखलाही आपल्याच राज्यात आहे. कौमार्य तपासण्याच्या नावाखाली जी अपमानकारक 'टू फिंगर' चाचणी होत असे, तिचं मूळ वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या न्यायवैद्यक विभागाच्या प्राध्यापकांनी त्यावर चिकाटीनं लिहिलं, पाठपुरावा केला, आणि 2019 मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं 'कौमार्याची लक्षणं' हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही चाचणी करणं म्हणजे गैरवर्तन असं ठरवलं आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून घ्यायला सांगितलं. दवाखान्यातल्या टेबलावर जे घडत होतं त्याची सुरुवात वर्गात झाली होती, हे न्यायालयानं ओळखलं. एका अभ्यास मंडळाचा एक ठराव किती मुलींच्या अंगावरचा हात मागे घेऊ शकतो, ते पाहा.

आता माझं मागणं. हे अभ्यासक्रमाचं प्रारूप नाही, ते आपण माझ्याहून चांगलं करू शकता. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून जे दिसलं तेवढंच सांगते.

पदव्युत्तर पदविका हवी, एक वर्षाची, आणि तिला कायदा, समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग या सगळ्यांचे विद्यार्थी यावेत. एकाच वर्गात. कारण काम करताना हे चौघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्याची किंमत लेकरू मोजतं. एकदा मी एका मुलीच्या बाबतीत मोजलं: आई, शेजारीण, ठाण्यातली महिला शिपाई, तपास अधिकारी, डॉक्टर, बालकल्याण समिती, दंडाधिकारी, सरकारी वकील, आणि शेवटी कोर्ट. तीच गोष्ट नऊ वेळा. तिसऱ्या वेळेपासून ती भिंतीकडे बघून सांगायला लागली. या दुसऱ्या इजेला पीडितशास्त्रात दुय्यम पीडा म्हणतात. ही इजा गुन्हेगार करत नाही, आपण करतो. म्हणून ती टाळणं आपल्या हातात आहे.

शिकवायचं काय? कागद शिकवा. एफआयआर, पंचनामा, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद), दोषारोपपत्र वाचता आलं पाहिजे. मुलांना याचा कंटाळा येतो, पण रोजनामा वाचता न येणारा माणूस पीडिताला पुढच्या तारखेला काय होणार हे सांगूच शकत नाही, आणि पीडिताला सगळ्यात जास्त त्रास अंधारात राहण्याचा होतो. भरपाईचा अर्ज प्रत्यक्ष भरून घ्या, त्याला कोणकोणती कागदपत्रं लागतात आणि ती कुठे अडकतात यासकट. मग आघाताचं मानसशास्त्र शिकवा. भीतीच्या क्षणी स्मृती तुकड्यांत साठते, म्हणून तारीख चुकते, क्रम चुकतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र लख्ख आठवतं. उलटतपासणीत याच चुकलेल्या तारखेवर मुलीला खोटं पाडतात, आणि बाजूला बसलेल्या आमच्यासारख्यांनाही वाटायला लागतं की ही खरं बोलते आहे ना? मलाही एकदा वाटलं होतं. ज्ञान नसलं की संशय येतो.

मर्यादाही शिकवा. साक्षीदाराला धीर देणं आणि साक्ष पढवणं यात फरक आहे. तो न कळलेला सपोर्ट पर्सन अख्खा खटला बुडवू शकतो. पीडिताच्या बाजूनं असणं म्हणजे आरोपीच्या हक्कांच्या विरोधात असणं नव्हे. पीडितशास्त्र म्हणजे फाशीशास्त्र नव्हे. मी ज्या घरांत जाते तिथली माणसं फाशीबद्दल फार बोलत नाहीत. मुलीची शाळा, घरभाडं, गावात राहायचं की सोडायचं, धाकटीला सांगायचं का, हे त्यांचे प्रश्न असतात.

आणि हे मराठीत शिकवा. संज्ञा इंग्रजीत राहिल्या तरी चालतील, पण बोलणं मराठीत व्हायला हवं, कारण पीडित मराठीत रडतो. मेळघाटात तो कोरकूत रडतो, गडचिरोलीत गोंडीत किंवा माडियात, नंदुरबारला भिलीत. दुभाषी म्हणून ठाण्यात जो कुणी हाताशी सापडेल त्याला बसवतात. काही वेळा तो आरोपीच्याच भावकीतला निघतो. त्या त्या भागातल्या विद्यापीठानं त्या भाषेत काम करणारी माणसं घडवली तर एवढ्या एका गोष्टीनं केवढा फरक पडेल.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला माझी वेगळी विनंती आहे. पोलीस शिपाई, परिचारिका, शाळेतले शिक्षक, कोर्टातले लिपिक, आशाताई यांना नोकरी सोडून शिकता येत नाही. त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आपणच देऊ शकता. पीडित सगळ्यात आधी ज्याला भेटतो तो माणूस क्वचितच पदव्युत्तर असतो.

एक गोष्ट मात्र करू नका. विद्यार्थ्यांना 'प्रकल्प' म्हणून पीडितांच्या मुलाखती घ्यायला पाठवू नका. दरवर्षी मार्च महिन्यात मला फोन येतात, मॅडम, एखादी केस मिळेल का? मुलं वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. क्षेत्रकार्य हवंच, पण ते आधी कागदांवर, मग कोर्टात मागे बसून, मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. आणि ज्याची जखम आहे त्याच्या संमतीनं.

नोकऱ्या कुठे आहेत, असं विचारलं जाईल. सखी वन स्टॉप सेंटर, भरोसा सेल, विशेष कक्ष, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, विधी सेवा प्राधिकरणं, सरकारी दवाखाने. या सगळ्या ठिकाणी आज माणसं काम करतातच, बहुतेक कंत्राटावर आणि शिकल्याशिवाय. पदवी आली की पात्रता ठरते, पात्रता ठरली की पद मागता येतं. आमचं मानधन महिनोन्‌महिने रखडतं त्याचंही एक कारण हेच आहे, की आमचं काम म्हणजे दयाळू बायकांनी करायचं पुण्यकर्म, असं अजून समजलं जातं.

हे पत्र मी मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिलं, त्याला कारण आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. त्या प्रकरणाला तिचंच नाव पडलं, म्हणून मी ते लिहीत नाही. नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नव्हता. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं ते त्याच दुरुस्तीनं. ते चौघं मंत्री नव्हते, न्यायाधीश नव्हते. वर्गात शिकवणारी माणसं होती.

माझ्याकडे नऊ वर्षांच्या डायऱ्या आहेत. नावं, गावं, ओळखीच्या खुणा काढून टाकून मी त्यातून पन्नासेक प्रसंग शिकवण्यासाठी लिहून देऊ शकते. त्यात माझ्या चुकाही असतील, व्हरांड्यातली ती पहिली चूक धरून. कुठल्याही विद्यापीठानं पहिली तुकडी सुरू केली तर मी मानधन न घेता तास घेईन. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद असतं, त्या दिवशी मी येऊ शकते.

आपली विश्वासू,
पोक्सो खटल्यांतली एक सपोर्ट पर्सन